ग्राहक चळवळ: पुण्यापासून हिवरखेडच्या बांधापर्यंत

ग्राहक पंचायतीचा जन्म पुण्याचा, १९७४ चा. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरलेले बिंदुमाधव जोशी तिचे संस्थापक. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली आणि शेजारची कुटुंबं एकत्र येऊन महिन्याचा किराणा घेऊ लागली. आमच्या वऱ्हाडात मात्र प्रश्न निराळा होता. सातपुड्याच्या पायथ्याशी, तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडात शेतकऱ्याची वर्षातली मोठी खरेदी किराणा दुकानात होत नाही. ती मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रात होते, आणि बरेचदा उधारीवर.

चळवळीच्या रेट्यातून २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याने जिल्ह्याजिल्ह्याला ग्राहक मंच दिला. वकील लावायची सक्ती नाही, आपली तक्रार आपणच मांडायची. सुरुवातीला तिथे १ लाखापर्यंतचेच दावे चालत.

शेतकरी या दारात गेला की बियाणे कंपन्या दोन आडकाठ्या घालत. एक, हा पीक विकतो, म्हणजे हा ग्राहक नव्हे, व्यापारी. दुसरी जास्त कावेबाज: बियाणं खराब होतं तर नमुना प्रयोगशाळेत का तपासला नाही? अहो, घेतलेलं बी सगळं मातीत गेलं. उगवणार नाही असं धरून कोणी मूठभर बी घरात राखून ठेवतं का? राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये दोन्ही मुद्दे फेटाळले. पोटापाण्यासाठी शेती करणारा ग्राहकच आहे आणि नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, असा तो निकाल. माझ्या मते या साऱ्या वाटचालीत वऱ्हाडासाठी याहून मोठा टप्पा नाही. २०२० च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही, दुबार पेरणीची पाळी आली, तेव्हा त्या निकालाचं मोल कळलं.

२०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. मंचाचा आयोग झाला. कंपनी हैदराबादची असो की दिल्लीची, तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे अकोल्यातच करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत २ वर्षांची. निकाल ३ महिन्यांत, तपासणी लागली तर ५ महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, आणि हंगाम कोणासाठी थांबत नाही.

कर्जाची लढाई वेगळ्या दारात लढावी लागते. नावाला खरेदीखत आणि तोंडी करार गहाणाचा, असं करून गेलेली वावरं इथे गावोगाव सापडतील. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मुळे अशी जमीन अवैध सावकारीत गेल्याचं सिद्ध झालं, तर जिल्हा उपनिबंधक व्यवहार रद्द करून ती परत देऊ शकतात. अर्जाच्या मागे १५ वर्षांपर्यंतचे व्यवहार त्यात येतात. परवानाधारक सावकारालाही चक्रवाढ व्याज लावता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही.

एवढं सगळं मिळालं, तरी एक गोष्ट दुकानाच्या काउंटरवरच अडते. उधारीवर माल घेणारा पक्कं बिल मागायला कचरतो. दुकानदार कच्च्या चिठ्ठीवर आकडा लिहितो, लॉट नंबर कुठेच नाही, आणि बी फसलं की हातात पुरावा उरत नाही. उधारीचा माल असला तरी पक्कं बिल हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे.

म्हणून शेतकरी बंधू-भगिनींना एवढंच सांगणं: बियाण्याची बॅग टॅगच्या बाजूने नव्हे, खालून फोडा. टॅग, पिशवी आणि बिल पीक घरी येईपर्यंत जपा. उगवलं नाही तर वखर घालण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, पंचनामा करून घ्या, त्याची प्रत मागा. सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.