मे महिन्याचा रकाना

माझ्या दुकानात एक लांबट वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, अडतीच्या दुकानात खतावणीला वापरतात तशी. २००१ पासून माझ्या हातून गेलेल्या ग्राफिक्स कार्डांची नोंद तिच्यात आहे. डावीकडे कार्डाचं नाव, पुढे कंपनीनं ठरवून दिलेला वेग आणि मग दोन रकाने: डिसेंबर आणि मे. कार्ड न अडखळता थंडीत किती मेगाहर्ट्झपर्यंत गेलं आणि उन्हाळ्यात किती, एवढंच त्यात लिहिलेलं. जीफोर्स एफएक्स ५२०० च्या एका कार्डापुढे आहे: कंपनी २५०, डिसेंबर २९५, मे २६५. अकोल्यातल्या या धंद्याचा सारा इतिहास मला या दोन आकड्यांमधल्या फरकात दिसतो.

वडील रेडिओ दुरुस्त करायचे. टिळक रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचा आठ बाय दहाचा गाळा होता. श्रावणात कावड यात्रा जवळ आली की अॅम्प्लिफायरची रांग लागायची. राजेश्वराला पूर्णेचं पाणी घालायला निघणाऱ्या मंडळांना भोंगे हवे असत. जळालेला पॉवर ट्रान्झिस्टर काढायचा, नवा बसवायचा, पण त्याआधी तो आणि अॅल्युमिनियमची पट्टी यांच्यामध्ये पांढरं मलम लावायचं, पापडावर तेल फिरवावं इतकं पातळ. वडील म्हणायचे, "मधात हवा राह्यली त टान्झिस्टर गेला समज." उष्णता बाहेर काढायची विद्या मी तिथे शिकलो. कॉम्प्युटर आमच्या गाळ्यात आला तेव्हा ते मलम फळीवर आधीपासूनच होतं.

अकोल्यात पहिली कार्डं खेळासाठी वाढवली गेली नाहीत, लग्नपत्रिकांसाठी वाढवली गेली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गांधी रोड, ताजनापेठ भागातल्या छापखान्यांनी खिळे सोडले आणि पेजमेकर, कोरल ड्रॉ धरलं. त्या मशिनींत बहुतेक एस-३ ट्रायो ६४ जातीचं कार्ड असे, १ एमबी मेमरीचं. आता हिशेब बघा. ८०० गुणिले ६०० म्हणजे पडद्यावर ४ लाख ८० हजार ठिपके. खरे रंग हवे तर एका ठिपक्याला ३ बाइट, म्हणजे १४ लाख ४० हजार बाइट. १ एमबीत ते मावत नाहीत. मग पत्रिकेवरच्या गणपतीचा शेंदरी रंग पट्ट्यापट्ट्यांचा दिसे. त्या कार्डांवर रिकामे सॉकेट असत. मेमरीच्या चिपांची खाच जुळवून त्या अंगठ्यानं दाबून बसवल्या की कार्ड २ एमबीचं होई. माझं पहिलं अपग्रेड ते. पडदा सुरू झाल्यावर छापखान्याचे मालक गणपतीकडे बघत म्हणाले, "आता दिसला देव."

माल मुंबईहून यायचा. रात्री अकोल्याला गाडीत बसायचं, सकाळी दादरला उतरून ग्रँट रोड गाठायचं आणि दुकानं उघडायच्या आत लॅमिंग्टन रोडवर उभं राहायचं. त्या रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण आमच्या तोंडी ते कधी बसलं नाही. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली तेव्हापासून वऱ्हाडचा कापूस याच रुळांवरून मुंबईला जात आला. मी त्याच रुळांवरून कार्डं घेऊन यायचो, टॉवेलात गुंडाळून, मांडीवरच्या पिशवीत. ५८० किलोमीटर हातातून सोडायची नाही.

एकदा एका ठोक विक्रेत्याकडून १२८ बिटची म्हणून घेतलेली पाच कार्डं ६४ बिटची निघाली. खोक्यावर नाव तेच, मेमरी तेवढीच, पण चिपेपर्यंत जाणारा रस्ता निम्म्या रुंदीचा. नुकसान माझंच झालं. तेव्हापासून मी खोकं वाचत नाही, चिपा मोजतो. त्या काळातल्या डीडीआर चिपेला बहुधा १६ मार्ग असत. कार्डावर चार चिपा तर ६४, आठ तर १२८. त्या वहीत पुढे प्रत्येक कार्डापुढे चिपांची संख्या लिहिलेली सापडेल.

वेग वाढवायचं वेड आमच्याकडे आलं ते प्रोसेसरवरून. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए निघाला. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की हा ३०० चा प्रोसेसर ४५० वर चाले आणि बहुतेक वेळा नीट चाले. ही बातमी जगभर फिरली, तशी आमच्यापर्यंतही आली. ग्राफिक्स कार्डासाठी पॉवरस्ट्रिप, रिव्हा ट्यूनर हे प्रोग्राम होते. ते आम्हाला मिळाले डिजिट मासिकासोबत येणाऱ्या सीडींवरून. फोनच्या तारेवरचं इंटरनेट महाग होतं, म्हणून एक सीडी दहा जणांत फिरायची.

वेग वाढतो तरी कसा, हे मी पोरांना कपाशीवरून सांगतो. एकाच झाडाच्या दोन बोंडांत रुई सारखी निघत नाही. एकाच कारखान्यातल्या दोन चिपाही सारख्या नसतात. कंपनीला असा वेग ठरवावा लागतो की त्या नावाची लेचीपेची चिपही तो पेलेल. मग बऱ्याच चिपांच्या अंगात थोडी शिल्लक राहते. ती शिल्लक काढून घेणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. पट्टी पाच मेगाहर्ट्झनं सरकवायची, थ्रीडी मार्क ही चाचणी लावायची आणि पडद्यासमोर बसून राहायचं. पांढरे ठिपके चमकू लागले तर बहुधा मेमरी थकली. आकृतीचे त्रिकोण फाटू लागले किंवा चित्र गोठलं तर मुख्य चिप थकली. दहा मेगाहर्ट्झ मागे यायचं, पुन्हा तासभर चालवायचं आणि मगच वहीत लिहायचं.

सुरुवातीला वहीत एकच रकाना होता. दुसरा कसा आला ते सांगतो. २००४ च्या जानेवारीत जठारपेठेतल्या एका मिक्सिंग लॅबचा मुलगा माझ्याकडे आला. वडील दिवसा त्या मशिनीवर लग्नाच्या कॅसेटी तयार करत, मुलगा रात्री त्याच मशिनीवर व्हाइस सिटी खेळे. त्यानं वेग वाढवून मागितला, मी वाढवून दिला. थंडीत कार्ड उत्तम चाललं. मे महिन्यात ऐन लग्नसराईत मशीन दुपारी गोठायला लागली. तासन्‌तास चाललेलं रेंडरिंग अर्ध्यात जाई. तीन दिवसांनी वडील माझ्याकडे आले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाऊ, पोरीची पाठवणी व्हायची हाये, अन् घरचे रोज कॅसेट मागून राह्यले." मी लॅबवर गेलो, बाजूचं झाकण काढलं आणि कार्डाच्या हीटसिंकला बोटाची मागची बाजू लावली. टेकवता येईना. कार्ड कंपनीच्या वेगावर आणलं आणि त्या रात्री वहीत दुसरी उभी रेघ मारली.

चूक समजायला पदार्थविज्ञान लागतं, आणि ते फार अवघड नाही. चिपेत निर्माण होणारी उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १० टक्के चढवलं तर उष्णता २१ टक्के चढते. पंखा काही थंडी तयार करत नाही, तो खोलीतली हवा चिपेवर नेतो. २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारं कार्ड ४५ अंशांच्या खोलीत ९० च्या घरात जातं. मासिकातल्या चाचण्या वातानुकूलित खोलीत झालेल्या असत. आमचे टिनाचे गाळे मे महिन्यात भट्टीसारखे तापत. मासिकाचे आकडे खरे होते, फक्त ते अकोल्याचे नव्हते.

मग आम्ही आमचे उपाय शोधले. कूलरसमोर मशीन ठेवली तर कार्ड थंड राही, पण पावसाळ्यासारखी दमट हवा आत जाई. त्यात पूर्णेच्या खोऱ्याचा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी घातलेल्या कूलरच्या ताट्यांवर महिनाभरात पांढरा थर धरतो. त्या हवेत कार्डाचे सोनेरी दात काळवंडत आणि पडदा सुरूच होत नसे. त्यावर औषध शाळकरी खोडरबर. कार्ड काढायचं, दातांवर रबर एकाच दिशेनं हलक्या हातानं फिरवायचं, चुरा झटकायचा, बसवायचं. या एका कामानं मी किती 'मेलेली' कार्डं उठवली, त्याची मोजदाद नाही.

जिनिंगच्या ऑफिसांतली मशीन वेगळीच. तिथे हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीऐवजी रुई सापडे. नमद्यासारखी घट्ट बसलेली ती रुई चिमट्यानं उचलली की सलग चादर निघे, पात्यांचे ठसे उमटलेली. ती काढल्याबरोबर तापमान झपकन उतरे. पंख्यांचंही तसंच. लहान पंख्याच्या बुशमधलं वंगण आमच्या उन्हाळ्यात वाळून जाई आणि पंखा रडायला लागे. मधला गोल कागद नखानं सोलायचा, सुईच्या टोकानं शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा, पातं बोटानं दहा वेळा फिरवायचं, कागद परत चिकटवायचा. दोन थेंब सोडले की तेल बाहेर येऊन धूळ धरतं. म्हणून एकच.

२००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली आणि त्याच सुमाराला भारनियमनानं वऱ्हाड होरपळून निघाला. वीज येई तेव्हा कमी दाबानं येई, जाई तेव्हा झटक्यात जाई. या काळात कार्डांनी एजीपीचा खाचा सोडून पीसीआय एक्सप्रेसचा धरला. नव्या खाच्यातून ७५ वॅट मिळत. त्याहून जास्त हवे असतील तर पॉवर सप्लायमधून वेगळी सहा पिनांची तार. आणि खरा प्रश्न तोच होता. बाजारात ४५० वॅट लिहिलेले सप्लाय हातात घेतले तर पोकळ लागत. जड सप्लाय तो खरा सप्लाय, हे आमचं माप. ९६०० जीटी घेऊन आलेल्या मुलाला मी आधी सप्लाय बदलायला सांगायचो. पटायचं नाही. वेग दिसतो, सप्लाय दिसत नाही.

म्हणून २०१४ च्या फेब्रुवारीत जीटीएक्स ७५० टीआय आलं तेव्हा मला वाटलं, हे कार्ड कुणीतरी अकोल्यासाठीच केलं. ६० वॅट, बऱ्याच मॉडेलांना वेगळी तार नको, जुन्या मशिनीत सरळ बसे. माझ्या वहीत डिसेंबर आणि मेमधलं अंतर सर्वांत कमी याच कार्डाचं आहे. काही अजून चालू आहेत. खेळणाऱ्या मुलाकडून छापखान्यात, छापखान्यातून एका गावच्या शाळेत, असा एका कार्डाचा प्रवास मी स्वतः बघितलाय.

तोवर ओव्हरक्लॉकिंगचं रूपही बदललं होतं. २०१२ पासून एनव्हिडियाची नवी कार्डं तापमान आणि वीज बघून आपला वेग आपणच वर-खाली करू लागली. जी शिल्लक आम्ही रात्र जागून काढायचो, ती कंपनीच काढून देऊ लागली. नंतर ग्राफिक्स कार्डांवर आभासी नाणी काढण्याचा काळ आला. कार्डं खेळायला सोडा, बघायला मिळेनात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या नाण्यानं ती पद्धत सोडली आणि वापरलेली कार्डं ढिगानं बाजारात आली. त्यांतली किती तरी मी उघडली. मेमरीवरच्या गादीतून तेल पाझरून खाली आलेलं असे. ती कार्डं महिनोन्‌महिने क्षणभरही थंड झालेली नव्हती.

२०२४ च्या मेअखेरीस पारा ४५ च्या वर गेला आणि उष्णतेमुळे अकोला जिल्ह्यात १४४ कलम लागलं. त्याच आठवड्यात कृषी विद्यापीठात शिकणारी एक मुलगी आरटीएक्स ३०६० असलेली मशीन घेऊन आली. कपाशीच्या पानांच्या फोटोंवरून रोग ओळखायला ती कॉम्प्युटरला शिकवत होती. काम रात्रभर चाले, दुपारी बंद पडे. मी पातं साफ केलं, मलम बदललं आणि मग व्होल्टेज खाली आणलं. १,७५० मेगाहर्ट्झ, ०.८५ व्होल्ट. १७० वॅट खाणारं कार्ड १३० च्या आसपास आलं. ती म्हणाली, "काका, कार्ड कमजोर केलं का?" मी तिला वही दाखवली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोन्ही रकाने वाचायला लावले. तिला पाच मिनिटांत कळलं ते मला कळायला एक लग्नसराई लागली होती: डिसेंबरचा आकडा कार्डाची ताकद सांगतो, मेचा आकडा त्याच्यावर किती विसंबता येईल ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं फोन केला. मशीन सकाळपासून अखंड चालू होती. मी वही काढली, कार्डाचं नाव लिहिलं, मेच्या रकान्यात १,७५० भरलं. डिसेंबरचा रकाना रिकामा सोडला. त्या कार्डाला त्याची गरज नव्हती.