बिऱ्हाड, नळ आणि बिल

मंडळी, नव्या शहरात बिऱ्हाड थाटलं की आधी पाणी, मग चूल, मग दिवा. मुंबईकरांनी हे कसं जमवलं, ते पाहण्यासारखं आहे.

१८६० साली विहार तलावाचं पाणी मुंबईत आलं. तोवर विहिरी आणि तळ्यांवरच भागवायचं. पुढे गिरण्यांबरोबर चाळी वाढल्या. कोकणातून आलेल्या कामगाराला पाण्यासाठी वेगळा अर्ज नव्हता. चाळीच्या नळाशी बादली रांगेत लावली की झालं!

१९४३ साली रेशनिंग आलं आणि बिऱ्हाडाला कागद चिकटला. पुढे स्टोव्हचं रॉकेलही रेशनकार्डावर मिळू लागलं. १९५५ साली बर्मा शेलने सिलिंडरचा गॅस आणला. त्यासाठी पुढे लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले. विजेचे मीटर घरोघर लागले, आणि लाइट बिल म्हणजे राहत्या पत्त्याचा पुरावा झाला.

मेख इथेच आहे. पुराव्याशिवाय जोडणी नाही, जोडणीशिवाय बिल नाही, आणि बिलाशिवाय पुरावा नाही! ठरावीक तारखेनंतरच्या झोपड्यांना तर महापालिका नळच देत नसे. पाणी हक्क समिती कोर्टात गेली. २०१४ साली उच्च न्यायालयाने सांगितलं, की झोपडी बेकायदा असली तरी माणसाचा पाण्याचा हक्क जात नाही, कारण तो जगण्याच्या हक्कातच येतो.

चाळीतल्या नळाने हे कधीच विचारलं नव्हतं. नव्या घराचं पहिलं बिल फाइलला लावताना एवढं आठवावं. असो.