देवळालीचे बंगले : वाड्यांच्या शेजारची व्हिक्टोरियन वस्ती

१/ सिन्नरच्या जुन्या गल्लीतील वाडा आतल्या चौकाकडे तोंड करून बसतो. रस्त्याला दिसते ती भिंत आणि दिंडीदरवाजा. तेथून वीस-पंचवीस किलोमीटरवर, देवळाली कॅम्पात, व्हिक्टोरियाकालीन बंगला नेमका उलट उभा आहे : मध्यभागी घर, भोवती व्हरांडा, त्याभोवती मोकळे आवार. हा फरक केवळ आवडीनिवडीचा नव्हता.

२/ १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेचे प्रमाण वाढवण्यात आले. मुंबई बंदरातून ये-जा करणाऱ्या पलटणींच्या मुक्कामासाठी १८६१ मध्ये देवळालीची छावणी वसली. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे धावू लागली आणि छावणी बंदराशी जोडली गेली.

३/ लढाईपेक्षा रोगराईच अधिक सैनिक मारत होती. १८६३ च्या शाही आयोगाने हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९ नोंदवला. रोग दूषित हवेतून पसरतो, असा तेव्हाचा समज. म्हणून घरे एकमेकांपासून दूर, छते उंच आणि भिंतींच्या वरच्या भागात झरोके.

४/ ‘बंगला’ हा शब्द मात्र मूळचा बंगालचा. तेथील उतरत्या छपराच्या घराला साहेबाने आपलेसे केले. स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या मागे, व्यापार सदर बाजारात. हवा सर्वांची असली, तरी मोकळी जागा हुद्द्यानुसार मिळे.

५/ मुदत संपलेले शिपाई येथे जहाजाची वाट पाहत. सैन्याची जहाजे मुख्यतः हिवाळ्यात सुटत. हंगाम चुकला, की उन्हाळा आणि पावसाळा येथेच काढावा लागे. रिकामपण, दारू आणि हिवताप यांतून ‘डूलाली टॅप’ हा सैनिकी वाक्प्रचार जन्मला. अर्थ : डोके फिरणे. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’!

६/ याच हवेसाठी पुढे मुंबईच्या पारशी आणि गुजराती कुटुंबांनी येथे बंगले व आरोग्यधाम बांधली. ज्या गावाच्या नावाने इंग्रजीला वेडाचा शब्द दिला, तेथे लोक बरे होण्यासाठी येऊ लागले.

७/ महाराष्ट्रातील सात कॅन्टोन्मेंटांपैकी देवळाली एक. २०२३ मध्ये हिमाचलमधील योल कॅन्टोन्मेंट मोडीत निघाले आणि देशभरातील छावण्यांच्या नागरी वस्त्या स्थानिक संस्थांकडे सोपवण्याचे धोरण पुढे आले. वाढत्या शहराशेजारी मोकळे आवार म्हणजे इमारतीसाठी तयार भूखंड. ‘डूलाली’ इंग्रजी शब्दकोशांत सुरक्षित आहे. त्या बंगल्यांना असा आसरा नाही.