दर्भावतीचा नकाशा आणि मुलांचा खेळ

वडोदऱ्याच्या आग्नेयेला सुमारे तीस किलोमीटरवर असलेले डभोई आपल्याला परके नाही. चाणोदला जाताना ते वाटेत लागते. हिरा भागोळ, कालिकामातेचे मंदिर आणि एके काळचे नॅरो गेजचे जंक्शन एवढी त्याची ओळख बहुतेक घरांत असते. पण हीच दर्भावती नगरी १ एप्रिल १७३१ रोजी मराठ्यांनी मराठ्यांशी लढलेल्या लढाईची साक्षीदार आहे. यंदा आपल्या मंडळाच्या मुलांनी त्या लढाईवर एक खेळ रचायला घेतला आहे. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे. कोणी सांडणीस्वार, कोणी वेशीवरचा पहारेकरी, कोणी सलाट. फासे टाकायचे आणि सूत्रधार जो प्रसंग सांगेल त्यातून आपली वाट काढायची. अशा खेळाला नकाशा हवाच. तो कोणत्या सॉफ्टवेअरवर काढावा, हे ठरवण्याचे काम आमच्याकडे आले. वरवर तांत्रिक वाटणारा हा प्रश्न शेवटी इतिहासाचा निघाला, म्हणून हा लेख.

नकाशावर लढाई खेळण्याची चाल जुनी आहे. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी असा खेळ तयार केला आणि १८२४ पासून तिथले लष्करी अधिकारी तो शिक्षणासाठी खेळू लागले. त्यांचे नकाशे मोजणी केलेले, प्रमाणबद्ध असत. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला. त्यात फौजेऐवजी एकेक पात्र होते आणि भूमी पूर्ण काल्पनिक होती. काल्पनिक भूमीला मोजणी कशाची? खेळणारे आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने भुयारे आणि डोंगर काढत.

मग संगणक आला. मायकेल रिडल यांच्या ‘इंटरॲक्ट’ या प्रोग्रॅममधून १९८२ मध्ये ऑटोकॅड तयार झाले. त्याच रिडल यांनी पुढे ‘फास्टकॅड’ केले आणि फास्टकॅडच्या पायावर १९९३ मध्ये ‘कॅम्पेन कार्टोग्राफर’ हे काल्पनिक नकाशांचे सॉफ्टवेअर उभे राहिले. म्हणजे आमच्यापैकी ज्यांनी डिप्लोमा करताना ऑटोकॅडवर इमारतींचे प्लॅन काढले, त्यांचे सॉफ्टवेअर आणि राक्षसांच्या दऱ्यांचे नकाशे काढणारे सॉफ्टवेअर ही चुलत भावंडे आहेत. ड्राफ्ट्समनला कॅम्पेन कार्टोग्राफर लवकर हाती बसते, मुलांना मात्र त्याच्या कमांड जड जातात.

आज मुले वापरतात ती साधने वेगळी. ‘इंकार्नेट’ ब्राउझरमध्ये चालते. थोडे फुकट मिळते, बाकीचे वर्गणी भरून. ‘वंडरड्राफ्ट’ एकदाच विकत घ्यायचे. ‘अझगार’ या नावाने ओळखला जाणारा जनरेटर पूर्ण फुकट आहे आणि बटण दाबताच नद्या, राज्ये, सीमा यांसह एक अख्खे जग समोर मांडतो. दिसायला सगळी सुंदर. पण त्यांच्याकडे डभोई मागितले की अडचण कळते. त्यांच्या चित्रसंग्रहात युरोपातले किल्ले, टोकदार छपरांची घरे आणि पाइनची झाडे भरलेली असतात. वेशीबाहेरची वाव त्यात नाही, तलावाचा घाट नाही, भागोळ तर नाहीच. शिवाय ही साधने कुठलीही जागा रिकामी सोडत नाहीत. जिथे काय होते हे कोणालाच ठाऊक नाही, तिथेही झाडी आणि पायवाट काढून मोकळी होतात. काल्पनिक देशात तो गुण आहे. डभोईत तो दोष ठरतो.

कारण डभोई काल्पनिक नाही. पूर्वेची हिरा भागोळ, पश्चिमेची वडोदरी, उत्तरेची महुडी आणि दक्षिणेची नांदोदी या चार वेशी आजही उभ्या आहेत. त्यांचे जुने काम सोळंकी आणि वाघेला राजांच्या काळचे. जेम्स बर्जेस आणि हेन्री कझन्स यांचा डभोईच्या प्राचीन अवशेषांवरचा ग्रंथ १८८८ मध्ये निघाला, त्यात वास्तूंची रेखाटने आहेत. त्याच्याही आधी, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात १७८० साली इंग्रजांनी डभोई घेतले तेव्हा जेम्स फोर्ब्ज इथे कलेक्टर होता. सालबाईच्या तहानंतर १७८३ मध्ये गाव मराठ्यांकडे परत आले. फोर्ब्जने इथे चित्रे काढली आणि १८१३ मध्ये छापलेल्या आपल्या आठवणींच्या चार खंडांत डभोईचे भरभरून वर्णन केले. आणि मोजणी फक्त साहेबांनीच केली असेही नाही. बंगालचा सर्व्हेअर जेम्स रेनेल याने हिंदुस्थानच्या नकाशावरील आपल्या ग्रंथात सदानंद नावाच्या ब्राह्मणाने तयार केलेल्या गुजरातच्या नकाशाचा आदराने उल्लेख केला आहे.

इतका ऐवज हाताशी असताना सोयीचे सॉफ्टवेअर म्हणजे क्यूजीआयएस. ते २००२ पासून विकसित होत आहे, फुकट आहे आणि सरकारी कचेऱ्यांतही वापरले जाते. जुना नकाशा स्कॅन करून त्यावरची ओळखीची ठिकाणे आजच्या अक्षांश-रेखांशांशी जुळवायची सोय त्यात आहे. डभोईच्या चार वेशी जागच्या जागी असल्याने चार पक्के बिंदू आयतेच मिळतात. साध्या जुळणीला तीन बिंदू पुरतात. चौथा घेतला की जुन्या रेखाटनात किती फरक आहे ते सॉफ्टवेअर आकड्यात सांगते. एकदा जमीन बसली की तिच्यावर पन्नास मीटरच्या चौकटी पाडता येतात. मग ‘दोन घरे पुढे’ म्हणजे शंभर मीटर, हा हिशेब मुलांना आपोआप कळतो. त्यावर नावे आणि सजावट ‘इंकस्केप’मध्ये करावी. तेही फुकट आहे.

विकत घेण्याआधी एक सोपी परीक्षा सर्वांनी करावी. नकाशावर ‘दर्भावती’, ‘त्र्यंबकराव’ आणि ‘क्षेत्र’ हे शब्द टाइप करून पाहावेत. क्यूजीआयएस आणि इंकस्केप यांत ते नीट उमटतात. इतर साधनांत रफार सुटला किंवा जोडाक्षर फुटले, तर ते साधन आपल्या कामाचे नाही, चित्रे कितीही देखणी असोत.

आता मूळ मुद्दा. लढाई भिलापूर-डभोईच्या परिसरात झाली. एका बाजूला बाजीराव पेशवे, दुसऱ्या बाजूला सेनापती त्र्यंबकराव दाभाडे. दाभाड्यांबरोबर पिलाजीराव गायकवाड, उदाजी पवार, कंठाजी कदम बांडे. त्र्यंबकराव गोळी लागून पडले. पिलाजीराव जखमी होऊन निसटले, त्यांचा मुलगा सयाजी रणात पडला. पुढच्याच वर्षी डाकोरला पिलाजीरावांचा घात झाला आणि १७३४ मध्ये वडोदरा गायकवाडांच्या हाती आले ते कायमचे. ज्या गायकवाडांच्या आश्रयाने आपले पूर्वज या मुलखात स्थिरावले, ते त्या दिवशी हरलेल्या बाजूला होते. आणि ज्या बाजीरावांच्या पराक्रमावर आपण वाढलो, ते समोर होते.

तयार खेळांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक खूण मित्राची असते, एक शत्रूची. शत्रूची खूण बहुधा लाल, कधी कवटीची. डभोईच्या नकाशावर ती कोणाच्या छावणीवर लावायची? आपल्या मंडळात दोन्हीकडच्या आडनावांची मुले एकाच सतरंजीवर बसतात. म्हणून शत्रूच्या खुणेची सक्ती करणारे साधन आम्ही बाजूला ठेवले. दोन्ही छावण्यांना भगवा रंग आणि वेगळी निशाणे द्यावीत, असे मुलांनीच सुचवले.

आमची शिफारस अशी आहे. जे मोजलेले आहे, म्हणजे वेशी, तट, गावातला तलाव, ढाढर नदी, ते क्यूजीआयएसमध्ये पक्क्या रेषेने काढावे. जे ऐकिवातले आहे, उदाहरणार्थ हिरा सलाटाला भिंतीत चिणल्याची कथा, त्याची वेगळी लेयर करून तुटक रेषेने दाखवावी. ज्याचा पुरावा नाही, जसे फौजांचे नेमके मोर्चे, तिथे कागद कोरा ठेवावा. तो खेळताना मुले भरतील आणि खेळ संपला की पुसतील. मुलांना राक्षसांचे राज्य हवे असेल तर अझगार आहेच, पण त्या कागदावर डभोईचे नाव घालू नये. लहानपणी पाहिलेला नकाशा माणूस जन्मभर खरा धरून चालतो, आणि आपल्या बहुतेक मुलांसाठी १७३१ च्या डभोईचा हा पहिलाच नकाशा असणार आहे.