कॅम्पर ट्रेलर आणि छोटा कुत्रा घेऊन कोकण किनारा फिरायचाय? मग हे आधी वाचा

गाडीमागे छोटंसं घर, शेजारच्या सीटवर शेपटी हलवणारा पग आणि समोर समुद्र. इन्स्टाग्रामवर असे रील्स पाहिले की कुणालाही बॅग भरावीशी वाटते. पण हे रील्स बहुतेक परदेशातले असतात. आपल्या कोकणात अशी सहल होऊ शकते का? होऊ शकते. फक्त तिचं वेळापत्रक ठरवायचं ते कुत्र्याची तब्येत आणि समुद्राची भरती-ओहोटी पाहून.

कॅम्पर ट्रेलर म्हणजे नेमकं काय?

कॅम्पर व्हॅनमध्ये इंजिन आणि घर एकाच गाडीत असतं. कॅम्पर ट्रेलर मात्र कारच्या मागे जोडून ओढला जातो. फायदा हा की मुक्कामी ट्रेलर सोडून ठेवता येतो आणि गावातल्या अरुंद रस्त्यांवर नुसती कार घेऊन फिरता येतं.

मोटार वाहन कायदा, 1988 नुसार ट्रेलर हेही वाहनच आहे. त्यामुळे नोंदणीशिवाय तो रस्त्यावर आणता येत नाही. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्यातही कॅम्पर ट्रेलरचा समावेश आहे.

ट्रेलर भरताना जड सामान चाकांच्या वर किंवा किंचित पुढे ठेवा. मागे वजन वाढलं की वेगात ट्रेलर डोलायला लागतो. आणि कुत्र्याला प्रवासात ट्रेलरमध्ये कधीही ठेवू नका. त्याची जागा कारमध्ये, हार्नेस लावून किंवा पिंजऱ्यात.

खाड्या कशा ओलांडायच्या?

मुंबईहून निघणाऱ्यांसाठी भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा 2020 पासून सुरू आहे. पुढे दक्षिणेकडे जाताना आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेशवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड अशा फेरीबोटी लागतात. त्यात गाड्या चढवता येतात आणि खाडीला घातलेला लांबचा वळसा वाचतो.

ट्रेलरवाल्यांची खरी परीक्षा इथेच. ओहोटीला पाणी खाली गेलं की धक्क्यावरचा उतार जास्त भरतो आणि ट्रेलरची मागची बाजू घासू शकते. शिवाय कधी कधी रिव्हर्समध्ये गाडी चढवावी लागते. ट्रेलर रिव्हर्स घेताना सुरुवातीला स्टिअरिंग उलट्या दिशेला फिरवावं लागतं, त्यामुळे मोकळ्या मैदानात सराव करूनच निघा. ट्रेलर आणि कुत्रा दोन्ही चालतील का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. म्हणजे अष्टमीला साधारण 6 वाजता भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. हा ढोबळ अंदाज झाला, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहा. कार किंवा ट्रेलर वाळूत मात्र उतरवू नका. चाकं रुतली की पुढची भरती वाट पाहत नाही.

सगळ्यात मोठा धोका कोणता?

ऊन. बाहेर साधारण 27 अंश तापमान असताना बंद कारमधलं तापमान 10 मिनिटांत 37 अंशांवर आणि अर्ध्या तासात 45 च्या पुढे जाऊ शकतं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. पग, शित्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही. त्यात कोकणातली दमट हवा.

कुत्र्याचं सामान्य तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास असतं. ते 41 च्या वर गेलं तर जिवाला धोका असतो. जोरजोरात धापा, गडद लाल हिरड्या, उलटी, लडखडणं ही उष्माघाताची लक्षणं. अशा वेळी सावलीत न्या, साधं गार पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि लगेच पशुवैद्य गाठा. म्हणूनच "पाच मिनिटांत जेवून येतो" म्हणत त्याला बंद गाडीत ठेवू नका.

वाळूवर हाताचा तळवा 5 सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसणार.

किनाऱ्यावर आणखी काय सांभाळायचं?

- केंड मासा: फुगणारा हा मासा कधी कधी मेलेल्या अवस्थेत किनाऱ्यावर पडलेला असतो. त्यातलं विष प्राणघातक आहे. वाळूतलं काहीही खाऊ देऊ नका.
- खारं पाणी: जास्त प्यायल्यास उलट्या-जुलाब होतात. गोडं पाणी सोबत हवंच.
- गोचीड: गवतातून फिरून आल्यावर कान, बगला, बोटांमधली जागा तपासा. गोचिडांमुळे होणारा ताप छोट्या कुत्र्यांना फार जड जातो.
- फुरसं आणि बिबट्या: जांभ्याच्या दगडांत फुरसं असू शकतं. रात्री कुत्र्याला बाहेर बांधू नका. बिबट्यासाठी ती सोपी शिकार आहे.

कासवांच्या किनाऱ्यावर कुत्रा न्यावा का?

नाही. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. वास काढत घरटी उकरणारे कुत्रे हा त्यांना असलेला मोठा धोका आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत या कासवाला संरक्षण आहे. पिल्लं पाहायला जायचंच असेल तर एकाने मुक्कामी कुत्र्यासोबत थांबावं आणि पाळी बदलून जावं.

मग जायचं कधी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. मे महिन्यात उकाडा छोट्या कुत्र्याला सोसत नाही, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि फेऱ्यांचा भरवसा नसतो.

निघण्यापूर्वी रेबीजसह सगळ्या लसी पूर्ण करा आणि लसीकरणाचं पुस्तक जवळ ठेवा. गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबर हवा. वाटेतल्या तालुक्याच्या गावांतल्या पशुवैद्यांचे नंबर आधीच लिहून घ्या, कारण मोबाइलची रेंज सगळीकडे मिळेलच असं नाही. रोज थोडंच अंतर कापा, दुपारी सावलीत थांबा आणि किनाऱ्यावर सकाळ-संध्याकाळ फिरा. सहल दोन दिवस लांबेल, पण कुत्र्यालाही ती सोसेल.