खोक्यातून आलेली गाडी

काल्हेरच्या एका कंपाउंडातील गाळ्यात एका दुपारी आम्ही एक खोके उघडले. आम्ही म्हणजे मराठी शिकवणारे तिघे. त्यांपैकी एकाने वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी दुचाकी शिकण्याचे ठरवले होते. घर काल्हेरात, महाविद्यालय ठाण्यात. मधे कशेळीचा पूल, कंटेनरांच्या रांगा आणि शेअर रिक्षातली चौथी सीट. निदान घरापासून रिक्षाथांब्यापर्यंत आणि बाजारापर्यंत तरी स्वतःचे वाहन असावे, एवढीच मर्यादित महत्त्वाकांक्षा. त्यासाठी निवडलेली गाडी विजेवर चालणारी, स्वस्तातली आणि, विक्रेत्यानेच मोकळेपणाने सांगितल्याप्रमाणे, बव्हंशी चिनी होती. ताशी २५ किलोमीटरहून अधिक वेग नाही आणि मोटर २५० वॅटच्या आत, म्हणून तिला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही. नवशिक्याला याहून मोठे आमिष कोणते?

खोक्यात सांगाडा, पुढचे चाक, हँडल, मडगार्ड, आरसे आणि पिशवीभर नटबोल्ट होते. मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यातच बसवलेली होती. बॅटरी वेगळी, ती इकडेच बांधलेली. सोबतच्या पत्रकावर चिनी मजकूर आणि त्याखाली दुर्बोध इंग्रजी. गाळ्यातल्या तरुण फिटरने त्या पत्रकाकडे पाहिलेही नाही. पाऊण तासात गाडी उभी राहिली. शेवटी दोन नट आणि एक वायसर उरले. आम्ही ते त्याच्यापुढे धरले, तेव्हा तो म्हणाला, "असू द्या सर, जादाच देतात." दुसऱ्या दिवशी वळण घेताना हँडल सैल झाले आणि आमचे सहकारी अंतर्गत रस्त्याच्या कडेच्या चिखलात सन्मानपूर्वक उतरले. ते दोन नट जादाचे नव्हते.

हा प्रसंग विनोदात काढता आला असता. चार महिन्यांनी मात्र कंट्रोलर बंद पडला. बॅटरीतली वीज मोटरला किती आणि कशी द्यायची हे ठरवणारी ती हाताच्या पंजाएवढी डबी. विक्रेत्याचा दूरध्वनी तोवर लागेनासा झाला होता. फिटर म्हणाला, "याच्या आत काय असतं ते आम्हांला नाही माहीत. बंद पडला की नवा घालायचा, एवढंच." या वाक्याने आम्हांला इतिहासाकडे वळवले. जो माणूस गाडी जोडतो त्याला ती कळत नाही, हे नेहमीच असे होते काय?

मुंबई परिसरापुरते बोलायचे तर वाहनजोडणीची परंपरा जुनी आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला परदेशी मोटारी जोडण्याचा कारखाना उघडला. बोटीने खोकी यायची, इथे सांगाडे उभे राहायचे आणि गाड्या विकल्या जायच्या. स्वातंत्र्यानंतर सरकारने या व्यवहाराला एक साधा प्रश्न विचारला: तुम्ही हे भाग इथे कधी बनवणार? १९५३ मध्ये धोरण ठरले की टप्प्याटप्प्याने देशी उत्पादन करण्याचा कार्यक्रम असेल त्यालाच परवानगी मिळेल, नुसत्या जोडणीला नाही. जनरल मोटर्सने आणि फोर्डने आपले गाशे गुंडाळले.

दुचाकीचा इतिहास याच प्रश्नाच्या सावलीत घडला. १९४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया इटलीच्या इनोसेंटी कंपनीची लॅम्ब्रेटा स्कूटर इथे जोडू लागली. तिचा कारखाना भांडुपला, आजच्या काल्हेरपासून खाडीपलीकडे काही कोसांवर. त्याच सुमारास, १९४८ पासून, बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन परदेशी दुचाक्या आणि तीनचाक्या आयात करून विकत होती. तिला १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळाला, पुढे ती बजाज ऑटो झाली आणि पियाजिओशी करार करून आकुर्डीला व्हेस्पा बनवू लागली. १९७१ मध्ये करार संपला. १९७२ मध्ये तोच वंश सांगणारी, पण राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव ल्यालेली 'चेतक' आली. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिकने 'लुना' आणली. तिचाही पूर्वज पियाजिओचीच 'चाओ' ही मोपेड. मद्रासला १९५५ पासून जोडली जाणारी बुलेट तर याहून बोलके उदाहरण आहे. तिची मूळ इंग्लिश कंपनी १९७० च्या सुमारास संपली आणि मद्रासची शाखाच मुख्य खोड झाली.

म्हणजे ज्या गाड्यांना आपण 'आपल्या' म्हणतो, त्या बहुतेक कधीकाळी कोणाच्या तरी खोक्यातून नाही तर आराखड्यातून आलेल्या आहेत. १९७५ मध्ये साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्स स्थापन झाली. तिथे आकुर्डीहून आलेल्या सुट्या भागांतून 'प्रिया' उभी राहायची. इटलीहून पुण्याला आलेली विद्या पुण्याहून साताऱ्याला गेली. १९८९ मध्ये 'हमारा बजाज' हे गाणे दूरचित्रवाणीवर वाजू लागले, तेव्हा त्यातल्या 'हमारा' या शब्दावर कोणी आक्षेप घेतला नाही. घेण्याचे कारणही नव्हते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. 'संशयकल्लोळ' हे नाटक मोलियरच्या फ्रेंच प्रहसनावरून, तेही इंग्रजी रूपांतराच्या मार्गाने, देवलांपर्यंत आले. आज त्याला परके म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. फाल्गुनराव मराठी झाला तो केवळ नाव बदलून नव्हे. त्याच्या संशयाची भाषा, त्याच्या घराची रीत, त्याच्या बोलण्यातला ठेका या साऱ्याची देवलांना आतून ओळख होती. उलट, नावे बदलून पात्रांना धोतर नेसवणारी कित्येक रूपांतरे रंगभूमीवरून विस्मरणात गेली. उसनवारी दोन्हीकडे आहे. फरक आहे तो उघडून पाहण्याचा.

अर्थात त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. बाहेरून स्पर्धा नाही आणि उत्पादनावर परवान्यांचा लगाम, यामुळे स्कूटरसाठी नाव नोंदवून माणसे दहा-दहा वर्षे वाट पाहत. हुंड्याच्या यादीत तिचे नाव असे. आमच्यापैकी एकाच्या घरी तिची नोंदणी वडिलांनी केली आणि ताबा मोठ्या भावाने घेतला. देशाने कारागिरी शिकावी म्हणून ग्राहकाने मोजलेली ती किंमत होती आणि ती स्वस्त नव्हती. तरीही तिच्या बदल्यात काहीतरी मागे उरले. तालुक्याच्या गावी, पिंपळाखाली बसलेला मेकॅनिकसुद्धा चेतकचे इंजिन पुरते खोलून पुन्हा बसवू शकत असे. कार्ब्युरेटरच्या आत काय असते हे त्याला ठाऊक होते.

मग दोष चीनचा काय? इतिहास तसे म्हणू देत नाही, कारण चीननेही हेच केले. छोंगछिंगचा जियालिंग हा मूळचा शस्त्रास्त्रांचा कारखाना मोटारसायकलींकडे वळला आणि १९८० च्या दशकात त्याने होंडाशी सहकार्य केले. पुढे त्या शहरात होंडाच्या नमुन्यांवर बेतलेले सुटे भाग इतक्या कारखान्यांत आणि इतक्या सारख्या मापात बनू लागले की बाजारातून भाग गोळा करून कोणीही मोटारसायकल उभी करावी. २००० च्या आसपास अशी खोकी व्हिएतनामात मोठ्या संख्येने पोहोचली. त्यांच्या किमतीपुढे होंडालाच २००२ मध्ये 'वेव्ह अल्फा' ही स्वस्त गाडी काढावी लागली. गुरूला शिष्याचे भय वाटावे, ते असे.

भारतातही ते भय होते. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरची उरलीसुरली परिमाणात्मक बंधने उठली, तेव्हा चिनी मोटारसायकलींचा लोंढा येणार अशी चर्चा होती. तो आला नाही. इथली मोटारसायकल आधीच स्वस्त होती आणि तिचे सुटे भाग गावोगाव मिळत होते. चिनी गाडी आपल्याकडे शिरली ती पेट्रोलच्या टाकीतून नव्हे, तर विजेच्या वायरीतून. इंजिन गेले, गिअर गेले, उरले मोटर, बॅटरी आणि कंट्रोलर. अर्ध्या शतकात जे शिकलो ते एका फटक्यात निम्म्याहून अधिक निरुपयोगी ठरले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'फेम'च्या दुसऱ्या टप्प्यात सरकारने पुन्हा तोच १९५३ चा प्रश्न विचारला: अनुदान हवे तर भाग टप्प्याटप्प्याने इथे बनवा. काही उत्पादकांनी ही अट न पाळता आयात भाग जोडले, असे आढळल्यावर २०२३ मध्ये त्यांच्याकडे अनुदान परत मागण्यात आले. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. त्याची झळ ज्या गाड्यांच्या उत्पादनाला बसली, त्यांत २०२० मध्ये विजेवर पुनर्जन्म घेतलेली 'चेतक'ही होती. कराराची मुदत संपल्यावर पियाजिओवाचून उभी राहिलेली चेतक चुंबकांवाचून अडखळली.

या साऱ्यात काल्हेर कुठे बसते? काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे ही खाडीकाठच्या भातशेतीची गावे. मुंबई-ठाण्याच्या जकातीबाहेर, भिवंडी शहराच्या हद्दीबाहेर आणि तरीही जुन्या आग्रा रस्त्याच्या लगत. या सोयीमुळे इथे गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर आला, मुंबईची जकात संपली, तरी गोदामे वाढतच गेली. जगातले जवळजवळ काहीही इथे काही दिवस मुक्कामाला असते. भांडुपला खोके उघडले जाई ते शिकण्याच्या अटीवर. काल्हेरला ते उघडले जाते, तेव्हा अट कोणतीच नसते. गोदामाचे काम माल ठेवणे आणि पुढे धाडणे हे आहे. माल कळून घेणे हे त्याच्या भाडेकरारात बसत नाही.

तो फिटर मूर्ख नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. त्याच्या वयाचा साताऱ्याचा कामगार जेव्हा 'प्रिया' जोडत होता, तेव्हा भाग बनवणारा कारखाना आकुर्डीला, म्हणजे एका दिवसाच्या प्रवासावर होता. याच्या डबीचा कारखाना समुद्रापलीकडे आहे आणि डबीत राळ ओतून ती कायमची बंद केलेली आहे. उघडून पाहण्याची वाटच जिथे बुजवलेली आहे, तिथे जिज्ञासेने जायचे कुठून?

आमच्या सहकाऱ्यांनी अखेर दुसऱ्या दुकानातून नवा कंट्रोलर आणून बसवला. गाडी चालते. तेही आता बऱ्यापैकी चालवतात आणि वळणावर पाय टेकत नाहीत. मागच्या आठवड्यात ब्रेक घट्ट करायला म्हणून आम्ही पुन्हा त्या गाळ्यात गेलो. फळीवर चार-पाच जळके कंट्रोलर ओळीने मांडून ठेवले होते, आमचाही त्यांत होता. एकाची एक कड तापवून, खरवडून काढलेली होती आणि राळेखालून तांब्याची एक रेघ दिसत होती. भंगारात का दिले नाहीत, असे आम्ही विचारले.

"बघतोय," तो म्हणाला. "रात्री गाळा बंद केल्यावर थोडं थोडं खरवडतो."