सात रुपयांतली चूल

परवा बराकीत वाद रंगला: बाहेरून बिर्याणी मागवायची की लंगरमध्येच जेवायचं? लंगरचं जेवण आपल्याला फुकट, म्हणून बाहेरचं महाग वाटतं.

कंपनी सरकारच्या बंगाल फौजेतल्या शिपायाला ही सोय नव्हती. पगार महिना 7 रुपये. त्यातूनच पीठ, डाळ, सरपण पलटणीच्या बाजारातून घ्यायचं आणि परेड आटोपली की आपली चूल आपणच पेटवायची. बरेच जण अवध-बिहारकडचे उच्चवर्णीय. परक्या हातचं चालत नसे. स्वतः रांधून जे वाचेल ते गावी पाठवायचं.

परमुलखात खर्च वाढतो, म्हणून तिथे जादा भत्ता मिळे. 1843 मध्ये कंपनीने सिंध खालसा केला आणि तो भत्ता बंद केला. कारण काय, तर आता तो आपलाच मुलूख! नकाशा बदलला, पण शिपायाचं घर काही जवळ आलं नाही. 1844 मध्ये काही पलटणींनी सिंधला जायला नकार दिला. 34वी पलटण तर मोडूनच टाकली.

हाताने रांधलेलं स्वस्त पडतं, हे खरंच. पण पीठ कुठल्या बाजारात घ्यायचं, हे शिपायाच्या हाती कधीच नसतं.